डाव्या हाताची व्यंजनं

सर माणसाच्या चेहऱ्यापर्यंत उशिरा पोचायचे. आधी ते बोटं बघायचे.

मंगळवेढ्याहून मी सोलापुरात एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला लागले, तेव्हा शुक्रवार पेठेत त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं मिळेल असं कळलं. वडील सोबत आले होते. दारातच म्हणाले, "पोरगी एकटी ऱ्हानार हाय, म्हनलं घर बघून घ्यावं." सरांनी घर दाखवायच्या आधी वडिलांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि उलटेसुलटे करून पाहिले.

"ज्वारी उपटता वाटतं. दोन्ही हातांना सारखे घट्टे. असं फार कमी बघायला मिळतं."

मग मला आत नेलं. खाली त्यांचा टायपिंगचा क्लास होता. एका कॉम्प्युटरपुढं मला बसवून त्यांनी कीबोर्डवर पंचा टाकला आणि म्हणाले, "पंच्याखाली हात घाल आणि गावाची माहिती लिही. खाली बघायचं नाही." घामाघूम होत मी चार ओळी लिहिल्या. सरांची नजर पडद्यावर नव्हतीच, ती पंच्याखालच्या हालचालीवर होती. शेवटी म्हणाले, "करंगळी आळशी आहे. पण खोटं टाइप करत नाही. सामान कधी आणतेस?"

स्टँडवर परत जाताना वडील म्हणाले, "मानूस जरा हाललेला हाय. पन घर चांगलं हाय की."

सरांचं सगळं आयुष्य अक्षरांच्या जागा शिकवण्यात गेलं होतं. टाइपरायटरच्या काळात त्यांच्या क्लासचा खडखडाट गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचा म्हणे. मी आले तेव्हा मशीनं भंगारात गेली होती आणि त्यांच्या जागी जुने कॉम्प्युटर होते. त्या सगळ्यांवर फुकट मिळणारं लिनक्स होतं. पुण्याला नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं ते घालून दिलं होतं. चोरून घातलेल्या सॉफ्टवेअरवर मुलांना अक्षर शिकवणं सरांना पटत नव्हतं, एवढंच सुरुवातीचं कारण. पण पुढं त्या विद्यार्थ्यानं सहज एक फाइल उघडून दाखवली. कुठल्या कळीवर कुठलं अक्षर उमटायचं, ते त्या साध्या फाइलीत ओळीनं लिहिलेलं होतं. ओळ बदलली की अक्षराची जागा बदलायची.

"म्हणजे हे आपल्या हातात आहे?" असं सरांनी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं होतं. ही गोष्ट मला ते नेहमी सांगायचे आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज तसाच दबलेला असायचा. टाइपरायटरची अक्षरं लोखंडात ओतलेली. कुणीतरी कधीतरी ठरवलेल्या जागा सरांनी आयुष्यभर मुलांच्या बोटांत भरल्या होत्या. त्या हलवता येतात हे त्यांना साठी ओलांडल्यावर कळलं.

त्यानंतर त्यांनी अक्षरांची बाजू घ्यायला सुरुवात केली. 'ळ' बद्दल त्यांना फार वाईट वाटायचं. "आपल्या भाषेत बाळ आहे, डोळा आहे, केळं आहे, सोलापूरच्या पुढं कुठंही जा, ळ लागतोच. आणि त्याला बसवलाय शिफ्टच्या मागं. त्याचा काय गुन्हा?" मग ते 'ळ' ला पुढं आणायचे, त्या जागचं अक्षर बेघर व्हायचं, त्याची सोय लावता लावता संध्याकाळ व्हायची. कॅप्स लॉकवर त्यांचा राग होता. मराठीत कॅपिटल अक्षरं नाहीतच, तरी ही एवढी मोठी कळ मोक्याच्या जागी ठाण मांडून बसलीय, असं ते म्हणत. त्यांनी तिला भाषा बदलायच्या कामाला जुंपलं होतं. दाबली की मराठी, पुन्हा दाबली की इंग्रजी.

शर्टाच्या खिशात पेनाऐवजी दाढीचा जुना ब्रश असायचा. बँकेत पासबुक भरायला गेले की काउंटरच्या पलीकडं हात घालून ते तिथल्या कीबोर्डची धूळ झाडायचे. एकदा कॅशिअरबाई ओरडल्या, तर म्हणाले, "बाई, तुमच्या ए खाली शेंगदाण्याचं टरफल आहे. मला काढू द्या." बाईंनी काढू दिलं. मोबाइलवर अंगठ्यानं लिहिणारे त्यांना बघवत नसत. "सही येत नाही त्यानं अंगठा वापरायचा," असं ते मोठ्यानं, समोरच्याला ऐकू जाईल असं म्हणायचे.

काकू, म्हणजे सरांची बायको, या सगळ्याला हसायच्या. त्या अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावच्या. त्यांचं बोलणं अखंड असायचं. भांड्यांशी, मांजरीशी, दुधवाल्याशी, जिन्यावरून जाणाऱ्या माझ्याशी. "काय गं, डबा घेतलीस का? न्हाय? मग काय हवा खाणार हाईस का तितं?" असं म्हणत माझ्या पिशवीत भाकरी कोंबायच्या. सर कामात असले की तेवढ्यापुरतं हं हं करायचे. पाण्याचा नळ वाहत असावा तसं त्यांना ते बोलणं सवयीचं झालं होतं.

मग एका सकाळी काकू स्वयंपाकघरात पडल्या. दवाखान्यातनं परत आल्या तेव्हा उजवा हात आणि पाय गेलेला होता आणि बोलणं समजत नव्हतं. जीभ वळत नव्हती. डोकं शाबूत आहे, त्यांना सगळं कळतं, असं डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. पण तोंडातनं यायचं ते आ, उ, ए, एवढंच.

सर काही दिवस क्लासमध्ये नुसते बसून असायचे. एका दुपारी मी ऑफिसातनं लवकर आले, तर त्यांनी मला हाक मारली. समोर कीबोर्ड होता. म्हणाले, "इकडं ये, हे बघ. आपल्या सरकारी मराठी कीबोर्डमध्ये डाव्या हाताला सगळे स्वर आहेत. काना, मात्रा, वेलांट्या. व्यंजनं बहुतेक सगळी उजव्या हाताला. हिचा उजवा हात गेला. म्हणजे हातातनं पण व्यंजनं गेली आणि तोंडातनं पण."

एवढं बोलून ते उठून बाहेर गेले आणि खूप वेळ आले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काकूंसाठी कीबोर्ड करायला घेतला. कल्पना साधी होती. स्पेसबारच्या डावीकडची एक कळ दाबली की उजवीकडची सगळी व्यंजनं आरशात दिसावीत तशी डावीकडं यायची. ती कळ धरून ठेवायला लागू नये, दाबून सोडली तरी चालावी, अशीही सोय त्यांनी केली, कारण एका हाताच्या माणसाला दोन कळा एकदम कशा दाबता येणार. "र आता इकाराच्या घरी राहायला आलाय," असं ते मला जिन्यात अडवून सांगायचे. स्वतःचा उजवा हात ते पंच्यानं गळ्याशी बांधून घ्यायचे आणि तसेच दिवसभर वावरायचे. चहाही डाव्या हातानं, आंघोळीची बादलीही डाव्या हातानं. गल्लीत बातमी पसरली की काकूंपाठोपाठ सरांनाही झटका आला. लोक भेटायला यायला लागले. सर त्यांनाही कीबोर्डपुढं बसवून डाव्या हातानं लिहायला लावायचे.

कीबोर्ड तयार झाला. सरांनी काकूंच्या पलंगाशेजारी टेबल लावून कॉम्प्युटर मांडला. काकूंनी डाव्या हाताचं बोट एका कळीवर ठेवलं, मग दुसऱ्या. दोन अक्षरं उमटली, त्यांचा काही अर्थ होत नव्हता. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला आणि मान भिंतीकडं वळवली.

सरांना वाटलं, जागा चुकल्या. त्यांनी 'न' हलवला. 'म' आणखी जवळ आणला. काकूंनी पुन्हा हात काढून घेतला. असं कितीतरी आठवडे चाललं. सर रोज नवीन रचना करायचे, रोज काकू भिंतीकडं बघायच्या. मी एकदा भीत भीत म्हटलं, "सर, त्यांना नको असेल." ते म्हणाले, "नको कसं असेल? एवढं बोलणारी बाई आहे ती." आणि पुन्हा फाइल उघडून बसले.

जेवण मात्र ते स्वतः भरवायचे. भाकरी दुधात कुस्करून, चमच्यानं, अगदी हळू. काकू मध्येच तोंड उघडून म्हणायच्या, "आ...उ." सर म्हणायचे, "अजून खाऊ? घे की," आणि आणखी एक चमचा पुढं करायचे. काकू तो गिळायच्या. पुन्हा "आ...उ." पुन्हा चमचा. कधीकधी काकूंच्या डोळ्यांतनं पाणी यायचं. सर त्यांच्याच पदरानं ते पुसायचे आणि मला म्हणायचे, "भूक लागलीय बघ तिला. चांगली खूण आहे."

त्या सुमारास काकूंची धाकटी बहीण गावाहून आली. जेवायच्या वेळी ती पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. काकू "आ...उ" म्हणाल्या आणि सरांनी चमचा उचलला, तशी तिनं त्यांचा हात धरला.

"भावजी, काय करताय? ती साकु म्हणायलीय. पुरे म्हणायलीय. तुमी आणि भरवताय व्हय?"

सरांचा चमचा तसाच राहिला. साकु म्हणजे पुरे. सोलापुरात राहणाऱ्या कुणालाही एवढं कन्नड येतं. सरांनाही येत होतं. भाजी घेताना ते स्वतः साकु म्हणायचे. पण आ आणि उ एवढंच ऐकू आल्यावर त्यांनी त्यात मराठी व्यंजन भरलं होतं आणि काकू बिचाऱ्या रोज दुसऱ्या भाषेत पुरे, पुरे म्हणत होत्या.

बहिणीनं ताट बाजूला ठेवलं आणि काकूंशी कन्नडमध्ये बोलायला लागली. काकू तिच्याकडं टक लावून बघत होत्या. थोड्या वेळानं बहिणीची नजर टेबलावरच्या कॉम्प्युटरकडं गेली. "हे काय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अगं, ती साळंला कन्नडमदीच गेलती की. मराठी बोलती, पण लिवायला कुटं शिकलीय? लग्नानंतर तिला कुणी इच्यारलं तरी का?"

तिनं हे सरांना टोचून म्हटलं नव्हतं. सहज बोलून गेली. पण सर उठले आणि खाली क्लासमध्ये जाऊन बसले. चहा घेऊन मी खाली गेले तेव्हा ते म्हणाले, "किराण्याची यादी नेहमी मी लिहायचो. ती सांगायची, मी लिहायचो. मला वाटायचं, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून." चहा तसाच निवला.

त्यांनी कन्नड कीबोर्ड करायला घेतला. हे मला अशक्य वाटलं, कारण त्यांना कन्नडचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण सरकारी कीबोर्डची एक गोष्ट त्यांच्या कामाला आली. आपल्याकडच्या लिपींमध्ये त्या कीबोर्डवर एका आवाजाची जागा एकच असते. मराठीचा क जिथं, तिथंच कन्नडचा क. त्यामुळं काकूंसाठी केलेल्या रचनेत एकेक आवाज उचलून त्याच्या जागी कन्नड अक्षर ठेवायचं एवढंच काम होतं. कॅप्स लॉक दाबलं की मराठीऐवजी कन्नड यायचं. अडचण फक्त अशी होती की ठेवलेलं अक्षर बरोबर आहे का, हे त्यांना स्वतःला कळत नव्हतं.

त्यांनी कन्नड पहिलीचं पुस्तक आणलं. दुपारी क्लास रिकामा असताना ते काकूंच्या पलंगाशी बसून मोठ्यानं अक्षरं घोकायचे. कन्नडमध्ये ए दोन आहेत, एक आखूड आणि एक लांब, ओ पण तसाच. मराठी माणसाच्या कानाला तो फरक समजत नाही. सर दोन्ही एकसारखे म्हणायचे, आणि पलंगावरनं काकू मान हलवून नाही म्हणायच्या. सर पुन्हा म्हणायचे. पुन्हा नाही. इतक्या वर्षांत विद्यार्थ्याच्या बाकावर बसलेले सर मी पहिल्यांदाच पाहिले. ते चिडायचे नाहीत. काकू होकारार्थी मान हलवेपर्यंत म्हणत राहायचे.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला वर येऊन बोलावलं. "साक्षीदार पाहिजे," म्हणाले. कीबोर्ड काकूंच्या मांडीवर होता. सरांनी कॅप्स लॉक दाबलं आणि काकूंचं बोट पहिल्या कळीवर नेऊ लागले. काकूंनी त्यांचा हात झटकला. मग स्वतः, अतिशय सावकाश, एकेक कळ शोधत लिहायला लागल्या. चुकलं की पुसायच्या. सर शेजारी उभे राहून सूचना देत होते. "आता ती कळ दाब. दाबून सोड. धरू नकोस. आता अनुस्वार."

शेवटी पडद्यावर दोन शब्द उमटले. सरांनी चष्मा पुसला आणि पहिलीतल्या मुलासारखं वाचलं, "सु...म्न... कुं...द्रि." माझ्याकडं बघितलं. मला कुठलं कळणार. त्यांनी मेहुणीला फोन लावला आणि मोठ्यानं पुन्हा वाचून दाखवलं. फोनमधनं हसण्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"भावजी, गप बसा म्हणायलीय ती!"

काकूंचा चेहरा एका बाजूनं हसत होता. सर पलंगाच्या कडेला टेकले आणि खरंच गप बसले. मीही हळूच जिन्याकडं वळले.

मग घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. आवाज सरांचा असायचा, शब्द काकूंचे. भाजीत मीठ नाही, मांजर कुठं आहे, या पोरीच्या डब्याचं काय, असं काय काय. सर अक्षर लावत वाचायचे, अडलं की फोन करायचे. हळूहळू फोन कमी झाले.

मध्ये एकदाच सगळं कोसळलं. एका सकाळी कॉम्प्युटरनं विचारलं की नवीन आवृत्ती घालू का, आणि सरांनी हो म्हटलं. नव्या आवृत्तीनं त्यांनी बदललेली फाइल पुसून जुनी मूळ फाइल आणून ठेवली. सर बाहेर गेले होते. काकूंनी लिहायला घेतलं आणि भलतंच उमटायला लागलं. वरून मी त्यांचा आवाज ऐकला, तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. खाली आले तर त्या डावा हात डोक्यावर आपटत होत्या. त्यांना वाटलं होतं, मशीन ठीक आहे, आपलंच डोकं आता गेलं.

सर आले, त्यांनी पडद्याकडं एकदा पाहिलं आणि काय झालं ते ओळखलं. आधी कीबोर्डला हात लावला नाही. काकूंचं डोकं छातीशी धरलं आणि येत होतं तेवढ्या कन्नडमध्ये सांगत राहिले, तुझं नाही चुकलं, माझं चुकलं. दुपारपर्यंत त्यांनी रचना परत बसवली, आणि या वेळी ती आपल्या स्वतःच्या फोल्डरात, वेगळं नाव देऊन ठेवली. "दुसऱ्याच्या घरात सामान ठेवलं होतं," म्हणाले, "तो झाडलोट करताना फेकणारच."

त्यानंतर फार दिवस गेले नसतील. काकूंनी एक वाक्य लिहिलं. सरांनी ते वाचलं, पण मोठ्यानं नाही. मी कपडे वाळत घालून खाली येत होते. त्यांनी मला दारात थांबवून सांगितलं, "गावाला जायचं म्हणतीय."

"सुट्टीला?"

"मीही तेच विचारलं. किती दिवस? तर गोत्तिल्ल म्हणतीय. माहीत नाही." ते चौकटीला टेकून उभे राहिले. "एवढा खटाटोप केला, आणि तिला लिहायचं काय होतं बघ. इथनं जायचंय."

क्लास त्यांनी कधी बंद ठेवला नव्हता. परीक्षा तोंडावर होत्या. दोन दिवस ते पोरांना शिकवत राहिले. काकूंनी पुन्हा काही लिहिलं नाही. वाक्य पडद्यावर तसंच ठेवलेलं होतं, ते त्यांनी पुसू दिलं नाही. मग एका संध्याकाळी सरांनी क्लासच्या किल्ल्या एका जुन्या विद्यार्थिनीकडं दिल्या. मला म्हणाले, "ऐकायचंच नव्हतं तर कीबोर्ड कशाला केला मी?"

जीप आली तेव्हा कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतला. लॅपटॉप घ्या असं त्या पुण्याच्या विद्यार्थ्यानं सुचवलं होतं, पण लॅपटॉपच्या चपट्या कळा त्यांना आवडत नसत. काकू खिडकीशी बसल्या. गल्ली संपेपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

काही महिन्यांनी मी त्यांना भेटायला गेले. अक्कलकोटला गाडी बदलून पुढं गेलं की बसमधलं बोलणं हळूहळू कन्नड होत जातं. त्या घराच्या अंगणात पाच-सहा बायका शेंगा फोडत बसल्या होत्या, मध्ये खाटेवर काकू, पुढ्यात टेबल. आणि भिंतीला टेकून सर. सगळ्यांचं बोलणं त्यांच्या डोक्यावरनं चाललं होतं. कोणी हसलं की तेही थोडं उशिरा हसत. मला बघून त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी माझी बोटं बघितलीच नाहीत. हात धरून भराभरा मराठीत बोलत सुटले. इथं मराठी कळतं सगळ्यांना, पण बोलायच्या नादात कुणाच्या लक्षात राहत नाही, असं म्हणाले. तक्रार नव्हती.

त्यांनी माझ्यासाठी पाणी मागितलं. "नीर कोडु." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकूंनी कीबोर्ड ओढला आणि पटकन काहीतरी लिहिलं. आता त्यांचा हात चांगलाच चालत होता. सरांनी वाकून पाहिलं आणि चूक सुधारली, "कोड्रि. नीर कोड्रि." मला म्हणाले, "मोठ्यांना रि लावायचं. मी सगळ्यांना अरेतुरे करत फिरतोय."

शेवटच्या बसची वेळ झाली. मी उठताना विचारलं, "सर, परत कधी येणार? क्लासची पोरं विचारतात."

सरांनी काकूंकडं पाहिलं. काकू लिहायला लागल्या. या वेळी बराच वेळ लिहीत होत्या. बायकांचं बोलणं चालूच होतं, कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. सर पडद्याकडं बघत होते, त्यांचे ओठ अक्षरांबरोबर हलत होते, कुठं अडत नव्हते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला.

"काय म्हणतात काकू?" मी विचारलं.

"चहा घेऊन जा म्हणतीय," सर म्हणाले.

मी पडद्याकडं पाहिलं. मला कन्नड वाचता येत नाही. पण अर्धा पडदा भरून मजकूर होता.